न कुजणारा भोपळा

ऑक्टोबर महिन्याचा उत्तरार्ध सुरू झाला, मेपल वृक्षांची पाने तांबडीपिवळी होऊन गळू लागली आणि दिवस झपाट्याने लहान होऊ लागले, की अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आणि कॅनडात घरोघरच्या पायऱ्यांवर भोपळे मांडले जातात. कोणी ते नुसतेच मांडतो, कोणी त्यांत डोळे, नाक व दात कोरून आत दिवा ठेवतो. आणि अलीकडे पुष्कळ घरांतून हे भोपळे शेतातून आलेले नसतात, तर फोमचे, प्लॅस्टिकचे अथवा कागदाच्या लगद्याचे, दुकानातून आणलेले असतात. ३१ ऑक्टोबरच्या रात्री साजऱ्या होणाऱ्या हॅलोविन या सणाचे हे सर्वपरिचित चिन्ह अशा रीतीने कृत्रिम रूपात घरांत शिरले असून, साध्या रंगांनी, कागदांनी, लोकरीने आणि बटनांनी ते नटवण्याची एक स्वतंत्र गृहकला तेथे रुजली आहे. खऱ्या फळाच्या जागी नकली फळ आले म्हणजे सणातला जिव्हाळा ओसरला, असा आक्षेप यावर सहज घेतला जातो. प्रस्तुत लेखकाचे मत निराळे आहे. या सणात पर्यायी वस्तूला फार पूर्वीपासून प्रतिष्ठा आहे. तेव्हा भोपळा खरा की खोटा हा वाद गौण मानून, त्यावर घरच्या माणसांचे हात फिरले की नाही, आणि जी वस्तू कुजत नाही ती सांभाळण्याचे कर्तव्य आपण पत्करले की नाही, या दोन कसोट्या लावणेच न्याय्य होईल.

हॅलोविनचे मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंड या प्रदेशांतील केल्टिक लोकांच्या साउइन नामक ऋतुसंधीच्या उत्सवाशी जोडले जाते. सुगी संपून हिवाळा लागण्याच्या त्या रात्री मृतांचे आत्मे आणि अदृश्य शक्ती मनुष्यवस्तीच्या निकट येतात, अशी तेथील लोकांची श्रद्धा होती. पुढे ख्रिस्ती धर्मपीठाने १ नोव्हेंबर हा दिवस सर्व संतांच्या स्मरणार्थ मुक्रर केला, नवव्या शतकात ती तिथी पश्चिम युरोपात सर्वत्र रूढ झाली, आणि तिच्या पूर्वसंध्येच्या आश्रयाने जुने लोकाचार टिकून राहिले. आयर्लंडातील खेडूत सलगमाचा अथवा गुरांसाठी पिकवलेल्या बीटाचा भला मोठा कंद घेत, तो आतून पोखरीत, त्याला भेसूर मुद्रा कोरीत आणि आत जळता निखारा किंवा मेणबत्ती ठेवून तो दारात वा वाटेवर मांडीत. सैतानाला फसवल्यामुळे स्वर्ग आणि नरक या दोहोंची दारे ज्याला बंद झाली, तो कंजूष जॅक असाच एक पोखरलेला कंद हाती धरून युगानुयुगे भटकत आहे, अशी लोककथा या दिव्याभोवती गुंफलेली आहे. मेयो परगण्यात आयर्लंडच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयाची ग्रामजीवनाला वाहिलेली जी शाखा आहे, तिच्यात डॉनेगल परगण्यातील फिनटाउन येथील अशा एका सलगमाच्या कंदिलाची प्लॅस्टरमध्ये ओतलेली प्रतिकृती जतन केलेली आहे. आक्रसलेले गाल, खोल गेलेले डोळे आणि विचकलेले दात अशी ती मुद्रा आज जगाला पाहावयास मिळते, ती कंदामुळे नव्हे, प्रतिकृतीमुळे; कंदाला इतके आयुष्य निसर्गाने दिलेलेच नाही.

१८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या पिकावर पडलेल्या रोगामुळे आयर्लंडात भीषण दुष्काळ झाला. लक्षावधी माणसे अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्याला लागली, आणि त्यांच्यासोबत, तसेच त्यांच्या आगेमागे आलेल्या स्कॉटिश कुटुंबांसोबत, हा रिवाजही तेथे पोहोचला. त्या भूमीत त्यांना कंदाहून मोठे, मुळातच पोकळ आणि कोरण्यास पुष्कळच सुलभ असे एक फळ आयते मिळाले. भोपळा हा त्या खंडाचा मूळ रहिवासी आहे. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातील ग्विला नाकित्झ या गुहेत सापडलेल्या बियांवरून भोपळ्याची लागवड तेथे आठ ते दहा हजार वर्षांपूर्वीच सुरू झाली होती, असे संशोधकांनी दाखवून दिले आहे; महाराष्ट्रात ज्याचे घारगे होतात तो तांबडा भोपळाही मूळचा त्याच खंडातून आलेला आहे. वॉशिंग्टन अर्व्हिंग या लेखकाने १८२० साली प्रसिद्ध केलेल्या 'स्लीपी हॉलो'च्या कथेत मस्तकहीन घोडेस्वार येतो, आणि दुसऱ्या दिवशी वाटेवर एक फुटलेला भोपळा आढळतो. जॉन ग्रीनलीफ व्हिटियर या कवीने भोपळ्यावर लिहिलेल्या कवितेत मुले त्याला चेहरे कोरीत असल्याचे वर्णन आहे, परंतु तिचा प्रसंग नोव्हेंबरातील कृतज्ञता-दिनाचा आहे. यावरून दिसते ते असे, की अमेरिकेत कोरलेला भोपळा प्रथम शरद ऋतूच्या सुगीचा सोबती होता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रमाक्रमाने हॅलोविनने त्याला आपलेसे केले. कंदाच्या जागी भोपळा आला, तेव्हाच पर्यायाचे तत्त्व या सणाने मान्य केले होते.

कृत्रिम भोपळाही वाटतो तितका अर्वाचीन नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत जर्मनीतील कारागीर कागदाच्या लगद्याचे पोकळ, रंगवलेले, भोपळ्याच्या मुद्रेचे कंदील आणि खाऊचे डबे घडवून अमेरिकेस पाठवीत असत. त्यांच्या डोळ्यांच्या व तोंडाच्या जागी पातळ रंगीत कागद चिकटवलेला असे, आणि आत इवलीशी मेणबत्ती लावली की त्या कागदातून प्रकाश झिरपून चेहरा सजीव होई. पुढे अमेरिकेतील कारखान्यांनीही अंड्यांच्या खोक्यांना वापरतात तशा भरड लगद्याचे असे कंदील काढण्यास प्रारंभ केला. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्स संस्थानातील डेनिसन या क्रेप कागद बनविणाऱ्या कंपनीने १९०९ साली 'बोगी बुक' नावाची एक पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि नंतरच्या काळात तिची आवृत्ती बहुतेक दरवर्षी निघत राहिली. घराच्या दिवाणखान्याची सजावट, भोजनाच्या मेजाची मांडणी, मुलांचे वेष हे सारे क्रेप कागदातून घरच्या घरी कसे करावे, याचा त्यात सचित्र तपशील असे. आपला कागद खपावा हा कंपनीचा हेतू उघड होता. तथापि त्या निमित्ताने अमेरिकन गृहिणींच्या एका संबंध पिढीला सण आपल्या हातांनी सजवण्याचे रीतसर शिक्षण मिळाले, आणि आजचा रंगवलेला फोमचा भोपळा त्याच शिक्षणाचा वारस आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकची सद्दी सुरू झाली, मुलांच्या हाती खाऊ गोळा करण्याच्या केशरी बादल्या आल्या, आणि मग हलक्या फोमचे भोपळे हस्तकलेच्या दुकानांत राशींनी दिसू लागले.

हे परिवर्तन घडण्यास व्यावहारिक कारणे सबळ होती. अखंड भोपळा थंड व कोरड्या जागी दोन-तीन महिने उत्तम टिकतो. परंतु त्याची साल भेदली गेली, की आतला ओलसर, शर्करायुक्त गर बुरशीला आणि जंतूंना मोकळा होतो, आणि हवेत थोडी ऊब असली तर चारपाच दिवसांत कोरलेला चेहरा आत कोसळू लागतो. सुरीचा धोका त्याहून गंभीर आहे. जाड सालीतून पाते निसटून तळहाताला व बोटांना जखमा होण्याचे प्रकार दर ऑक्टोबरात घडतात, आणि हाताच्या शस्त्रक्रिया करणारे अमेरिकन वैद्य त्याविषयी लोकांना वारंवार सावध करतात. या दोहोंपेक्षा मला महत्त्वाचे वाटणारे कारण तिसरेच आहे. कोरण्याच्या कामात चार-पाच वर्षांच्या मुलाला काहीच स्थान नसते. वडील माणसे सुरी चालवतात आणि ते मूल नुसते पाहत राहते. रंगाचा कुंचला मात्र त्याच्या हाती निःशंकपणे देता येतो. कोरणे म्हणजे काढून टाकणे, आणि एकदा काढलेला तुकडा पुन्हा बसत नाही. सजवणे म्हणजे भर घालणे, आणि चुकलेल्या रंगावर दुसरा रंग देण्याची मुभा अखेरपर्यंत असते. सणाच्या कामात घरातल्या सर्वांत लहान माणसाला कर्त्याची जागा मिळावी, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता या कामाच्या साहित्याकडे वळू. प्रथम भोपळा कशाचा आहे याची खातरजमा करून घ्यावी, कारण पुढील सर्व व्यवहार त्यावर अवलंबून असतो. बाजारात मुख्यत्वे चार जाती आढळतात. पहिली, ज्याला आपण थर्माकोल म्हणतो त्या पॉलिस्टायरीनची. ही वजनाला अत्यंत हलकी, बहुधा भरीव, आणि दाबली असता बारीक दाण्यांची असल्याचे दिसून येते. दुसरी पॉलियुरेथेन फोमची. ही पोकळ असून तिची भिंत दाट असते व तीत सुरीने कोरताही येते, मात्र कोरताना उडणारी सूक्ष्म भुकटी श्वासावाटे आत जाऊ नये म्हणून हे काम मोठ्यांनी नाकातोंडाला मुखपट्टी बांधून उघड्यावर करावे. तिसरी कठीण, गुळगुळीत प्लॅस्टिकची. चौथी कागदाच्या लगद्याची. ही बहुधा करड्या रंगाची, रंग भराभर शोषून घेणारी, परंतु पाण्यापासून जपावी लागणारी असते. ज्यांच्या गावी यांपैकी काहीच मिळत नसेल, त्यांनी फुगवलेल्या फुग्यावर जुन्या वर्तमानपत्राच्या पट्ट्या पाण्यात पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदात बुडवून चारपाच थरांत चिकटवाव्या, ते कवच पूर्ण वाळू द्यावे, मग फुगा फोडून काढावा आणि भोकावर देठ बसवावे; फुग्यावर पट्ट्या चिकटवण्यापूर्वी त्याला दोऱ्याने उभे आवळले, तर भोपळ्याच्या फाकाही उमटतात.

पॉलिस्टायरीनच्या बाबतीत एक इशारा ध्यानात धरलाच पाहिजे. फवाऱ्याच्या डब्यात मिळणारे कित्येक रंग आणि तीव्र वासाचे कित्येक गोंद यांत ॲसिटोन, टोल्युइन यांसारखे द्रावक असतात, आणि ते या फोमला विरघळवून टाकतात. रंग द्यावा तर पृष्ठभागावर खड्डे पडतात, गोंद लावावा तर खालची जागाच नाहीशी होते. म्हणून त्यावर पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग आणि सुतारकामात वापरतात तो पांढरा गोंद, म्हणजे आपल्याकडे फेव्हिकॉल या नावाने घराघरांत असलेला, हेच पदार्थ वापरावे. पांढरा गोंद ओला असताना दुधी दिसतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो, त्यामुळे नवशिक्या हाताने जास्त लागला तरी काम बिघडत नाही. त्यातले पाणी उडून गेल्यावाचून तो धरत नाही, सबब कागद, कापड व लोकर यांसाठी तो उत्तम, परंतु प्लॅस्टिकवर प्लॅस्टिकचा तुकडा बसवण्यास निरुपयोगी होय. अशा ठिकाणी गोंदाची गरम बंदूक कामी येते. तिचा कमी तापमानाचा प्रकार निवडावा, कारण जास्त तापमानाच्या बंदुकीतील गोंद पॉलिस्टायरीनला वितळवतो आणि बोटांनाही भाजतो. ती मोठ्यांनीच हाताळावी.

रंग देण्यापूर्वी पृष्ठभागाची सिद्धता करावी. साबणाच्या पाण्याने भोपळा पुसून तेलकटपणा व धूळ काढावी आणि तो पूर्ण कोरडा होऊ द्यावा. गुळगुळीत प्लॅस्टिक असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलके घासून त्यावर किंचित खरखरीतपणा आणावा. एरवी रंग नखानेसुद्धा पापुद्रा होऊन निघतो. दुकानातल्या भोपळ्याचा केशरी रंग बहुधा भडक व एकसुरी असतो आणि फिकट रंगांतून तो वर डोकावतो, म्हणून प्रथम पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यावा. जाड एका थरापेक्षा पातळ दोन थर केव्हाही श्रेयस्कर. कुंचल्याऐवजी भांडी घासण्याच्या स्पंजाचा तुकडा रंगात बुडवून टिपत गेले, तर फोमची बारीक छिद्रे भरतात आणि कुंचल्याचे ओरखडे राहत नाहीत. ज्यांना खऱ्या भोपळ्याचा आभास निर्माण करावयाचा असेल, त्यांनी मूळ रंग वाळल्यावर तपकिरी रंग पाण्यात पातळ करून फाकांमधल्या खाचांत सोडावा, लगेच वरचा भाग ओल्या फडक्याने पुसून घ्यावा, आणि अखेरीस जवळजवळ कोरड्या कुंचल्यावर पिवळसर रंग घेऊन फाकांच्या उंचवट्यांवरून नुसता फिरवावा. खाचा गडद आणि उंचवटे उजळ झाले, की कारखान्यातला गोळा शेतातल्या फळासारखा दिसू लागतो. कारखान्याचे प्लॅस्टिकचे देठ उपटून तेथे वाळक्या फांदीचा तुकडा अथवा दालचिनीची कांडी रोवली, म्हणजे हा आभास पूर्ण होतो.

चेहरा रंगवावयाचा असेल तर तो प्रथम खडूने आखावा, कारण खडू ओल्या बोटाने पुसता येतो. आयरिश कंदिलाचा भेसूरपणा आज घरोघर अपेक्षित नसतो. हसरे, चकित झालेले, झोपाळू असे सर्व भाव चालतात, आणि ते मुख्यत्वे भुवयांच्या तिरकसपणावर व डोळ्यांतील बुबुळांच्या स्थानावर अवलंबून असतात, हे मुलांना दाखवून द्यावे. भुवया आत उतरत्या केल्या की राग, बाहेर उतरत्या केल्या की दुःख, बुबुळे एका बाजूला सरकवली की खोडकरपणा; एवढे सूत्र हाती आले की मूल स्वतःच प्रयोग करू लागते. काळ्या रंगाने संपूर्ण भोपळा रंगवून, वर फेल्टचे दोन त्रिकोणी कान आणि पाइप क्लीनरच्या मिशा लावल्या की मांजर तयार होते. औषधाच्या दुकानात मिळणारे जाळीदार बँडेज भोपळ्याभोवती वेडेवाकडे गुंडाळून मध्येच दोन डोळे डोकावू दिले, की इजिप्तमधील ममी उभी राहते. हे काम तर अगदी लहान मुलांनाही सहज साधते, कारण त्यात जितका अव्यवस्थितपणा तितकी शोभा अधिक.

चेहऱ्यावाचूनही भोपळा सुंदर होतो. छापील नक्षीचे कागदी रुमाल घ्यावे, त्यांचे पदर सुटे करून फक्त वरचा नक्षीचा पदर ठेवावा, तो कात्रीने न कापता हाताने फाडावा, आणि पांढऱ्या गोंदात थोडे पाणी मिसळून त्याच्या साह्याने पांढऱ्या भोपळ्यावर चिकटवावा. फाडलेली कड तंतुमय असल्यामुळे शेजारच्या तुकड्यात मिसळून जाते आणि जोड दिसत नाही. गोल पृष्ठावर मोठा कागद सुरकुततो, म्हणून तुकडे लहान असावे. दोन जाड पुस्तकांत आठवडाभर दाबून सुकवलेली मेपलची खरी पाने याच रीतीने बसवली आणि वरून गोंदाचा एक हात दिला, तर त्या ऋतूचा रंग पुढील वर्षापर्यंत टिकून राहतो. भरीव फोममध्ये पितळी ड्रॉइंग पिना फाकांच्या रेषेवरून ओळीने टोचत गेले, की नक्षी उमटते. येथे गोंदही लागत नाही. शिवणकामाच्या डब्यातली विजोड बटने, विणकामातून उरलेली लोकर, जुन्या सदऱ्याच्या कापडाच्या पट्ट्या यांना या कलेत मानाचे स्थान आहे. लोकर देठापासून तळापर्यंत उभी गुंडाळावी आणि प्रत्येक फाक गोंदाने धरावी. बारीक चमकी मात्र टाळावी, असे मी आग्रहाने सुचवीन. ती प्लॅस्टिकचीच असून हातांवरून मोरीत व तेथून नदीनाल्यांत जाते, आणि युरोपीय संघाने २०२३ च्या ऑक्टोबरात अशा सुट्या प्लॅस्टिक-चमकीच्या विक्रीवर निर्बंध घातले ते याच कारणास्तव. चमक हवीच असेल तर चॉकलेटच्या वेष्टनाचा चंदेरी कागद कातरून वापरावा.

दिव्याचा प्रश्न उरतो. फोम, प्लॅस्टिक आणि कागद हे तिन्ही पदार्थ ज्वलनशील आहेत, म्हणून कृत्रिम भोपळ्यात मेणबत्ती कदापि ठेवू नये. विजेरीच्या सेलवर चालणारे लहान एलईडी दिवे हाच एक मार्ग होय. त्यांतही बटनासारखे चपटे सेल असतील, तर सेलांचे झाकण स्क्रूने घट्ट बसवलेले आहे याची खात्री करावी, कारण असा सेल लहान मुलाने गिळला तर अन्ननलिकेला काही तासांत प्राणघातक इजा होऊ शकते. पोकळ भोपळ्याला चेहरा कोरावयाचा नसेल, तर सुताराच्या हाती गिरमिट देऊन भोपळ्याच्या भिंतीला ठरावीक नक्षीत भोके पाडून घ्यावी. आतला दिवा लागला की खोलीच्या भिंतींवर व जमिनीवर प्रकाशाचे ठिपके पसरतात.

सजवलेला भोपळा शोभेपुरताच राहतो असेही नाही. तो दारावरून एक निरोप देऊ शकतो. हॅलोविनच्या रात्री मुले वेष पालटून दारोदार जातात आणि त्यांना खाऊ मिळतो, परंतु शेंगदाणे, दूध, अंडी अशा पदार्थांची ॲलर्जी असलेल्या मुलांना त्या खाऊतले पुष्कळसे जिन्नस वर्ज्य असतात. काहींच्या बाबतीत एक घाससुद्धा जिवावर बेततो. अशा मुलांच्या पालकांना त्या रात्री आपल्याच मुलाची झोळी तपासून तिच्यातले काढून घेण्याची वेळ येते. टेनेसी संस्थानात सुरू झालेला एक उपक्रम २०१४ साली फूड ॲलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन या संस्थेने देशभर नेला. त्याचे स्वरूप अगदी साधे आहे: ज्या घरी पेन्सिली, चिकटचित्रे, साबणाच्या फुग्यांच्या बाटल्या अशा अखाद्य भेटी ठेवलेल्या असतील, त्या घराने दारात निळसर हिरव्या, म्हणजे आपल्या मोरपंखीच्या जवळच्या रंगात रंगवलेला भोपळा मांडावा. तो दुरून दिसला की त्या मुलाला व त्याच्या आईला कळते, की या दारी आपल्यालाही मोकळेपणाने जाता येईल. या कामासाठी कृत्रिम भोपळा अधिक सोयीचा आहे, कारण तो एकदा रंगवला की दरवर्षी बाहेर काढता येतो, आणि त्या घराचा शब्द दरवर्षी पाळला जातो. रंगाची एक डबी आणि अर्ध्या तासाचे श्रम यांत एवढे सौजन्य सामावू शकते, ही गोष्ट मला या संपूर्ण कलेतील सर्वांत उदात्त वाटते.

उत्तर अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा विषय परका नाही. तेथील महाराष्ट्र मंडळे १९८१ पासून बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या रूपाने एकत्र आलेली आहेत, आणि त्या मंडळांच्या दिवाळीच्या तयारीचे व शाळांतील हॅलोविनच्या तयारीचे दिवस बहुधा एकच असतात. २०२४ साली तर नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच आली. अशा घरातील मूल एका संध्याकाळी आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या कातरते आणि दुसऱ्या संध्याकाळी फोमचा भोपळा रंगवते, आणि दोन्ही कामांना लागणारे कौशल्य पुष्कळसे सारखेच असते. घोटीव कागद सुरकुती न पडता कसा ताणावा, वळणावर त्याला बारीक चिरा देऊन कसा बसवावा, खळ किती पातळ असावी, हे ज्ञान आजीआजोबांपाशी आहे. भारतातून काही महिन्यांसाठी मुलांकडे गेलेल्या वडीलधाऱ्यांनी या कामात संकोच न बाळगता बसावे, असे मला मनापासून वाटते. एक गोष्ट मात्र त्यांनीही लक्षात घ्यावी: गव्हाच्या पिठाची खळ फोमला अपाय करीत नाही हे खरे, पण जी वस्तू वर्षानुवर्षे ठेवावयाची तिच्यावर खळीमुळे कीड व बुरशी येण्याचा संभव असतो, म्हणून तेथे पांढरा गोंदच वापरावा.

वर्षानुवर्षे ठेवावयाची, हे शब्द मी हेतुपुरस्सर योजले आहेत, कारण या सर्व विवेचनाचा भार त्यांवरच आहे. खरा भोपळा सण संपताच मातीत जातो. त्याच्या बिया भाजून खाता येतात, गराचे पक्वान्न होते आणि सालीचे खत होते. फोम आणि प्लॅस्टिक यांना ही सद्गती नाही. पॉलिस्टायरीनचा भोपळा एका वर्षी आणून त्याच वर्षी कचऱ्यात टाकला, तर तो आपल्या नातवंडांच्या काळातही कोठेतरी तसाच पडून राहील, आणि अशा वापरापेक्षा शेतातला भोपळा शतपटीने बरा. कृत्रिम भोपळ्याचे समर्थन एकाच अटीवर करता येते, ती अट टिकवण्याची. यास्तव थोडे भोपळे घ्यावे, चांगले घ्यावे आणि सणानंतर त्यांची नीट तजवीज लावावी: सेल काढून ठेवावे, धूळ मऊ कुंचल्याने झटकावी, प्रत्येक नग जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरावा, आणि ते खोके माळ्यावरील उष्णतेपासून व तळघरातील ओलीपासून दूर ठेवावे. तळाशी वर्ष आणि रंगवणाऱ्याचे नाव लिहावे. रंग जुना वाटू लागला तर भोपळा न टाकता त्यावर पुन्हा पांढरा हात देऊन नवे रूप काढावे; ॲक्रिलिकचे असे थर पुष्कळदा देता येतात, आणि गेल्या वर्षीची ममी पुढील वर्षी मांजर होण्यास कोणतीच हरकत नसते.

सणाचे साहित्य काळानुसार पालटते, आणि ते पालटावेच. कंद गेला, फळ आले; फळाशेजारी लगदा आला, मग फोम आला; उद्या आणखी काही येईल. या प्रत्येक टप्प्यावर रिवाज जिवंत राहिला, कारण कोणीतरी पदार्थ हाती घेऊन, त्यावर वेळ खर्चून, त्याला मुद्रा दिली. दुकानातून आणलेला तयार भोपळा तसाच पायरीवर मांडला तर तो विकत घेतलेला माल असतो. मुलाने रंगवलेला, आजीने लोकर गुंडाळलेला, शेजारच्या आजारी मुलासाठी मोरपंखी केलेला भोपळा हा त्या घराचा सण असतो. तेव्हा ज्यांच्या दारी हा सण येतो, त्यांनी या ऑक्टोबरात खोके उघडावे, असलेले भोपळे बाहेर काढावे, नवे घेण्यापूर्वी जुन्यांना रंग द्यावा, आणि पहिला कुंचला घरातल्या सर्वांत लहान हाताकडे सोपवावा.